लातूर ते बंगळुरू, दोन लेकरांसह: विमान की आपली गाडी?

माझा धाकटा भाऊ बंगळुरूला असतो, आम्ही लातूरला. वर्षातून एकदा तरी तिकडं जाणं होतंच, आणि जायचं म्हटलं की दोन लेकरं, त्यांचे कपडे, औषधं, खाऊ असा सगळा संसार सोबत. हा प्रवास आम्ही एकदा विमानाने केला आणि दोनदा आपल्या गाडीने. आता दिवाळी जवळ आली की ऑफिसातले, गल्लीतले लोक विचारतात, "कसं जावं ओ? लेकरं लहान आहेत, विमानच बरं ना?" प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहितो. हे आमच्यापुरतं आहे. तुमचं लेकरू वेगळं असेल, तुमची गाडी वेगळी असेल.

लातूरहून यशवंतपूरला रेल्वे आहे, पण ती रोजची नाही, आणि सणासुदीला तिचं आरक्षण मिळणं नशिबाचा भाग. मिळालं तर घ्या. नाही मिळालं, तर प्रश्न उरतो तो विमान की गाडी हाच.

पुण्या-मुंबईच्या माणसाला विमान जेवढं सोपं वाटतं तेवढं ते आपल्याकडं नसतं. लातूरला विमानतळ आहे, पण नियमित प्रवासी विमान नाही. नांदेडची सेवा सुरू होते, बंद पडते, पुन्हा सुरू होते. तिच्या भरवशावर दोन महिने आधी बेत आखावा असं मला तरी वाटत नाही. संभाजीनगर अडीचशे किलोमीटर, पुणे तीनशेच्या पुढं, हैदराबाद साधारण तीनशे. आम्ही हैदराबाद धरलं, कारण तिथून बंगळुरूला दिवसभर विमानं असतात.

आमचं विमान सकाळी दहाचं होतं. दोन तास आधी पोचायचं म्हणजे शमशाबादला आठ. बिदर, जहीराबाद करत जायला थांबे धरून साडेसहा तास. म्हणजे घरातून निघायचं रात्री दीडला. विमान हवेत सव्वा तास असतं हे सगळ्यांना माहीत असतं. त्या सव्वा तासासाठी झोपलेल्या लेकराला किती वेळा उठवावं लागतं, हे मात्र कुणी सांगत नाही. मी मोजलं. सहा वेळा.

मुलीला तेव्हा नुकतं तिसरं लागलं होतं. पहिल्यांदा रात्री सव्वा वाजता अंथरुणातून उचललं. ती रडली, भाड्याच्या गाडीत आईच्या मांडीवर अर्ध्या तासाने झोपली. जहीराबादच्या अलीकडं ड्रायव्हर दादांना चहा घ्यायचा होता. रात्रभर गाडी चालवणाऱ्या माणसाला नको कसं म्हणणार? दार उघडलं, दिवे लागले, ती उठली. ही दुसरी वेळ. शमशाबादला पोचताना पुन्हा डोळा लागला होता, तर तिथं उतरायचं. तिसरी वेळ. बॅगा देऊन होईपर्यंत ती माझ्या खांद्यावर गाढ झोपली, आणि समोर तपासणीची रांग.

ही चौथी वेळ माझ्या डोक्यातून जात नाही. माझ्या आईने तिच्या जुन्या इरकली लुगड्याची एक छोटी गोधडी शिवून दिली आहे. तिचा काठ दोन बोटांत धरल्याशिवाय मुलगी झोपत नाही. तपासणीला सगळं सामान ट्रेमध्ये ठेवायचं असतं, गोधडीसुद्धा. नियम आहे, आणि तिथल्या ताई अगदी समजुतीने बोलत होत्या. पण लेकराच्या बाजूने बघा. झोपेतून उठवलं, बाबाच्या खांद्यावरून आईकडं दिलं, बोटांतला काठ ओढून काढला आणि गोधडी एका काळ्या झडपेच्या आत निघून गेली. ती जी ओरडली, ती त्या झडपेकडं हात करून ओरडली. पलीकडून गोधडी बाहेर यायला पाव मिनिट लागलं असेल. तिला शांत व्हायला वीस मिनिटं लागली. माझे बूट अजून ट्रेमध्येच होते, बायको पडद्यामागच्या तपासणीत होती, आणि मोठा मुलगा "बाबा, ती परत येणार ना?" असं विचारत होता.

पाचवी वेळ विमानात बसताना. गेटपाशी खुर्चीवर झोपलेली, तेवढ्यात रांग लागली. सहावी वेळ विमान उतरताना: दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःच्या सीटवर सरळ बसवून पट्टा लावावा लागतो, आणि ती आडवी झोपली होती. देवनहळ्ळीचं विमानतळ बंगळुरूच्या उत्तर टोकाला, भावाचं घर दक्षिणेला इलेक्ट्रॉनिक सिटीजवळ. टॅक्सीत दोन तास गेले. तिथं मात्र ती झोपलीच नाही; थकव्याने नुसती किरकिर. दुपारी पावणेदोनला दार वाजवलं. घरातून निघून सव्वाबारा तास झाले होते. पुढचे दोन दिवस तिची झोप रुळावर आली नाही, आणि चार दिवसांच्या मुक्कामातले दोन दिवस असे जाणं मला फार लागलं.

विमानाची चांगली बाजू लपवायची नाही. मुलाला खिडकीजवळची सीट मिळाली होती. ढग खाली दिसायला लागले तेव्हाचं त्याचं तोंड मी विसरणार नाही. माणसांची वागणूकही चांगली होती, लेकरं बघून लोक वाट देतात. उतरताना कान दुखतात, पण चघळायला, गिळायला काहीतरी दिलं की भागतं. मुलं पाच-सहाच्या पुढची असतील, झोपेचं वेड संपलेलं असेल, तर माझ्या निम्म्या तक्रारी तुम्हाला लागूच होणार नाहीत.

आता गाडी. रस्ते दोन. एक हैदराबादवरून ४४ नंबरच्या महामार्गाने कर्नूल, अनंतपूर करत. दुसरा तुळजापूर, सोलापूर, विजापूर, होस्पेट, चित्रदुर्ग. आम्ही दोन्ही वेळा दुसराच घेतला. अंतर साडेसातशेच्या आसपास पडतं, हैदराबादचा वेढा वाचतो आणि लेकरांना उतरवावं अशी ठिकाणं ठरावीक अंतराने येतात. एका दिवसात मोठी माणसं हे अंतर काढतात. लेकरं घेऊन तसं करू नका, असं मी आग्रहाने सांगेन. होस्पेटला मुक्काम ठेवा. तिथपर्यंत सव्वाचारशे किलोमीटर होतात, उरलेले सव्वातीनशे दुसऱ्या दिवशी.

पहाटे पावणेपाचला निघालो. मुलीला गोधडीसकट उचललं, सीटवर बसवलं, पट्टा लावला, काठ बोटांत दिला. तिने डोळे उघडले, आपलीच गाडी, आपलाच वास, समोर आई. परत मिटले. औसा गेलं, तुळजापूरचा घाट उतरलो, सोलापूर मागं पडलं, भीमेच्या पुलावरून कर्नाटकात शिरलो, तरी ती उठली नव्हती. आठ वाजता आपली आपण उठली आणि म्हणाली, "भूक." तीन तासांत दोनशे किलोमीटरच्या आसपास झाले होते आणि तिला एकदाही उठवावं लागलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझा निर्णय तिथंच झाला.

रस्त्याच्या कडेला एका झाडाखाली थांबून आईने बांधून दिलेले धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. धपाटे दोन दिवस टिकतात, सांडत नाहीत, लेकरू हातात धरून खातं. प्रवासाला त्यासारखं दुसरं काही नाही.

विजापूरला गोलघुमट. वरच्या सज्जात जायला जिना अरुंद आणि उंच आहे, धाकट्या लेकरासाठी तो टाळलेला बरा. मी मुलाला घेऊन वर गेलो. १६५६ सालची इमारत, ४४ मीटरचा घुमट, हे सगळं त्याला मी सांगत होतो, पण त्याला त्यात रस नव्हता. भिंतीशी तोंड नेऊन त्याने बहिणीचं नाव घेतलं, आणि ते परत परत ऐकू आल्यावर तो जो हसत सुटला, त्यानंतर पुढचे शंभर किलोमीटर त्याने "अजून किती राहिलं" असं विचारलं नाही.

पुढं अलमट्टीजवळ कृष्णा लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते या कृष्णेचंच. तेव्हा आम्ही हांडे घेऊन रांगेत उभे होतो. मुलाचा तेव्हा जन्मही नव्हता. पुलावरून दोन्ही बाजूंना पसरलेलं पाणी बघून तो म्हणाला, "एवढं?" मला गाडी बाजूला घेऊन त्याला नीट सांगावंसं वाटलं, आणि गाडी आपली असल्यामुळं घेता आली. थोडं पुढं कुडलसंगम आहे, महात्मा बसवेश्वरांचं ऐक्यस्थळ. घरातली मोठी माणसं सोबत असतील तर तासभर राखून ठेवा.

मग इलकल. आपल्याकडं ज्याला इरकल म्हणतात ते हेच गाव. बायकोने आईसाठी लुगडं घ्यायचं ठरवलं होतं. दुकानात मांडलेल्या घड्यांमधून मुलगी चालत गेली, एक काठ दोन बोटांत धरला आणि तिथंच गादीवर आडवी झाली. दुकानदार काकांना आम्ही गोधडीची गोष्ट सांगितली. त्यांनी लुगड्याचे सुती धागे आणि पदराचे रेशमी धागे एकमेकांत कसे अडकवतात ते उलगडून दाखवलं. अर्धा तास तिथं गेला. विमानतळावर अर्धा तास जातो तेव्हा आपण अर्धा तास गमावलेला असतो. इथं तसं काही वाटलं नाही.

होस्पेटला साडेपाचला पोचलो. हंपी तिथून बारा-तेरा किलोमीटर. मन मोहात पडतं, पण जाताना हंपी करू नका, परतताना करा. जाताना लेकरं थकतात आणि दुसऱ्या दिवसाचं सगळं गणित बिघडतं.

गाडीचे त्रासही तसेच सांगतो, कारण ते आहेत. दुसरा दिवस पहिल्यासारखा जात नाही. नवलाई संपलेली असते. चित्रदुर्गच्या अलीकडं मुलाला ओकारी आली, ती मोबाइल बघत बसल्याने. तेव्हापासून चालत्या गाडीत मोबाइल बंद. चित्रदुर्गच्या डोंगरांवरच्या पवनचक्क्या मोजायला लावलं, त्यावर तासभर निघाला. स्वच्छतागृहांचा प्रश्न विजापूर ते होस्पेट या पट्ट्यात खरा आहे, विशेषतः बायकांसाठी. मोठे पेट्रोल पंप दिसतील तिथं गरज असो नसो, थांबून घ्यायचं. धाकट्या लेकराचं प्लास्टिकचं भांडं गाडीत असू द्या.

सगळ्यात गंभीर गोष्ट उसाच्या ट्रॉल्यांची. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की लातूर-सोलापूरपासून विजापूरच्या पुढंपर्यंत एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या असतात. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, बाहेर आलेल्या उसाने होता नव्हता तोही झाकलेला. अंधारात त्या दिसतच नाहीत, एकदम समोर येतात. म्हणून दिवस मावळायच्या आत मुक्कामी, हा आमच्या गाडीचा नियम आहे. तो पाळता येत नसेल, सुट्टी तेवढी नसेल, तर कृपा करून विमानाने जा. पहाटेचा अंधारही त्यातच आला. हंगामात आम्ही उजाडल्यावरच निघतो. लेकरं मग थोडी आधी उठतात, चालतं.

दुसरं, चालवणारे दोघं हवेत. माझी बायको गाडी चालवते, होस्पेट ते चित्रदुर्ग तिनेच नेली. एकट्याने दोन दिवस चालवून, वर मागच्या सीटवरचं भांडण मिटवून, मुक्कामी पोचल्यावर लेकरांशी चांगलं वागणं कठीण असतं.

आणि लेकराची सीट. आपल्याकडं अजूनही लोक म्हणतात, "कशाला पाहिजे ती खुर्ची, मांडीवर घ्या की." माझे काकाही म्हणाले. मी त्यांना आदराने पण स्पष्ट सांगितलं, की ८०च्या वेगात ब्रेक बसला तर मांडीवरचं लेकरू कुठल्याच आईच्या हातात राहत नाही, तिची माया कितीही असो. कायदाही आहे: २०१९ च्या दुरुस्तीपासून १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट लावली नसेल तर एक हजार रुपये दंड. दंडासाठी नव्हे, पण ऐकत नसलेल्या नातेवाइकाला सांगायला तो उपयोगी पडतो. इथं विमानाच्या पर्यायात एक भोक आहे ज्याचा कुणी विचार करत नाही. विमान कितीही सुरक्षित असो, हैदराबादपर्यंतचे तीनशे किलोमीटर आणि देवनहळ्ळीपासूनचे पन्नास-पंचावन्न किलोमीटर आपण भाड्याच्या गाडीत, लेकरू मांडीवर घेऊन काढतो. त्यात हैदराबादपर्यंत तर रात्रीच्या अंधारात, जागरणाने थकलेल्या ड्रायव्हरच्या भरवशावर. मला हे उशिरा सुचलं आणि सुचल्यावर अंगावर काटा आला.

पैशाचं थोडक्यात. चौघांची तिकिटं, हैदराबादपर्यंतची गाडी, बंगळुरूतली टॅक्सी मिळून आमचे एका बाजूचे पंचवीस हजारांच्या घरात गेले होते. गाडीने पेट्रोल, टोल आणि होस्पेटची खोली मिळून साडेनऊ हजार. लेकरू दोन वर्षांखालचं असेल तर त्याला वेगळी सीट घ्यावी लागत नाही, तेव्हा फरक कमी होतो. सामानाचंही तसंच: विमानात पंधरा किलोची बॅग मोजून भरली, गाडीत मुलाची सायकल सोडून सगळं गेलं.

तर कुणी काय करावं? तुमच्या हाताशी तीनच दिवस असतील, तर विमान. लेकरू सहा महिन्यांच्या आतलं असेल, तर शक्यतो कुठंच जाऊ नका, भावाला इकडं बोलवा. आजी-आजोबांचे गुडघे दुखत असतील तर सलग बसणं त्यांना जड जातं, त्यांना विमानाने पाठवून आपण गाडीने जाणं हा मार्ग आम्ही एकदा वापरला आणि आई खूष होती. दिल्ली, काश्मीर असं लांबचं असेल तर ही तुलनाच नको. पण लातूर, धाराशिव, बीड या भागातून बंगळुरू, गोवा, हंपी किंवा गोकर्ण असेल, लेकरं दोन ते सहा वर्षांची असतील, आणि जाता-येता मिळून चार दिवस रस्त्याला देता येत असतील, तर मी गाडीची चावी उचलेन. बीड-धाराशिवकरांना तर घरावरून जाणारा ५२ नंबरचा महामार्गच थेट अंकोल्यापर्यंत नेतो, आणि अंकोल्याहून गोकर्ण हाकेच्या अंतरावर आहे.

शेवटच्या टप्प्यासाठी दोन गोष्टी. तुमकूर ओलांडल्यावर क्यात्संद्रा लागतं; तिथं तट्टे इडलीला थांबा. ताटलीएवढी इडली बघून आमची दोघंही आपापली संपवतात, घरी निम्मीही खात नाहीत. आणि भावाचं घर दक्षिणेला असेल तर शहरात घुसू नका, तुमकूर रोडवरूनच नाइस रोडला लागा. टोल जास्त आहे, पण नेमक्या त्याच वेळेला धाकटीची दुपारची झोप असते, आणि सिग्नल नसल्यामुळं ती मोडत नाही.

लेकराची सीट जाताना डाव्या बाजूला लावा. सोलापूरच्या पुढं गाडी दक्षिणेला तोंड करून चालते, दुपारभर ऊन उजव्या काचेतून येतं. शिवाय रस्त्याच्या कडेला थांबल्यावर डावीकडचं दार फुटपाथच्या बाजूला उघडतं, ट्रकांच्या बाजूला नाही. परत येताना दुपारचं ऊन डावीकडून येईल. तेव्हा सीट हलवू नका, काचेला आईचं जुनं लुगडं अडकवा. आम्ही तेच करतो, आणि मुलीला तो काठ डोळ्यांसमोर दिसत राहतो.